मुद्दाम की नकळत

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, जुन्या पौर्वात्य गालिच्यांचे विद्वान होते. साधेसुधे नव्हेत. गालिच्याचा कोपरा उलटा करून मागच्या गाठी पाहिल्या की तो कोणत्या मुलखात विणला, लोकर डोंगरातल्या मेंढीची की माळावरच्या, हे ते घडाघडा सांगत. ते चूक आहे असं म्हणण्याइतकं ज्ञान आसपास कोणालाच नव्हतं, त्यामुळे ते बरोबरच असे. माणसांच्या बाबतीत मात्र आनंदीआनंद होता. मी त्यांची एकुलती एक मेहुणी. पण ते माझी ओळख "हिच्या घरी लाल जाजम आहे" अशी करून देत.

हल्ली त्यांच्यावर दोन जाडजूड पुस्तकं निघायची आहेत. दोन्हींत माझी बहीण तळटिपेत आहे. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. मला गालिच्यातलं काही कळत नाही, पण ताईतलं कळतं.

भावजी पहिल्यांदा आमच्या घरी आले ते त्यांच्या मावशीबरोबर, ताईला बघायला. मावशीनं त्यांना दंडाला धरून आणलं होतं. मान खाली घालून आत आले ते मान खालीच घालून बसले. बाबा आईच्या कानात म्हणाले, "किती विनयशील मुलगा आहे!" विनय कसला? आमच्या दिवाणखान्यात आजोबांनी कुठल्याशा लिलावात घेतलेला एक गालिचा होता. कसर लागलेला, एका टोकाला शाई सांडलेला. त्यावर टेबल, चार खुर्च्या आणि एका खुर्चीवर ताई. भावजी आधी खुर्चीच्या कडेवर आले, मग गुडघ्यांवर, आणि चहा येईपर्यंत टेबलाखाली गेले.

"साधा आहे हो आमचा," मावशी म्हणाली. "जमिनीवर बसायची सवय आहे त्याला."

ताईनं धीर करून विचारलं, "तुम्हाला वाचनाची आवड आहे का?" टेबलाखालून उत्तर आलं नाही. फक्त कोणीतरी लोकर हुंगल्याचा आवाज आला.

तो विषय तिथेच संपायचा. पण चार दिवसांनी भावजी एकटेच आमच्या दारात हजर! मुलगी बघून गेलेला तरुण न बोलावता परत दारात उभा राहिला, तर आईबापांनी काय समजायचं? आईनं ताईला हाक मारली. ताई येऊन बसली. भावजी पुन्हा खाली. तिसऱ्यांदा आले तेव्हा मोजपट्टी घेऊनच आले. खोली मोजतायत हे बघून बाबा गहिवरले. त्यांना वाटलं, लग्नाला किती पाहुणे मावतील याचा जावई अंदाज घेतोय. चौथ्यांदा आले तेव्हा तारीख ठरलेली होती.

ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं असतात. भावजींनी भांडं लपवलं नव्हतं. ते त्यांच्या हातात होतं, भिंगासकट. आम्हीच बघितलं नाही.

जावयाला काय द्यावं हा प्रश्न बाबांना पडलाच नाही. गालिचा गुंडाळून दिला. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी ताई उठली तर नवरा जमिनीवर पालथा पडलेला, डोळ्याला भिंग. तिला बघून तो आनंदानं ओरडला, "किनारीतले सगळे पक्षी उजवीकडे तोंड करून आहेत, आणि एकच डावीकडे!" त्या क्षणी ताईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती पलंगावर बसली आणि तिनं सरळ विचारलं, "तुम्ही आमच्या घरी कोणासाठी येत होता? माझ्यासाठी की याच्यासाठी?"

दुसरा कोणी असता तर पटकन खोटं बोलून मोकळा झाला असता. भावजी उठून बसले. चष्मा पुसला. म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. पण घाईनं निष्कर्ष काढू नयेत. अभ्यास करावा लागेल."

आणि हा अभ्यास चालला चाळीस वर्षं. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला ताई विचारायची, "झाला का?" आणि भावजी प्रामाणिकपणे म्हणायचे, "पुरावा अपुरा आहे." मला सांगा, असल्या माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे काय गंमत आहे? मी ताईला कितीदा म्हटलं, "सोड गं, काय फरक पडतो आता?" ती म्हणायची, "तुला नाही पडत. मला पडतो." तिला दुसरं काही नको होतं. दागिना नको, प्रवास नको. फक्त आपल्याला कोणी निवडलं होतं की आपण चुकून पदरात पडलो, एवढं तिला कळायला हवं होतं.

इकडे त्या डावीकडच्या पक्ष्यानं भावजींचं भाग्य उजळलं. जुने विणकर गालिच्यात एखादी चूक मुद्दाम ठेवत, कारण निर्दोष वस्तू बनवणं हा माणसाचा अधिकार नाही, अशी एक समजूत आहे. ती सगळेच सांगतात. पण कुठली चूक मुद्दाम आणि कुठली नकळत, हे कसं ओळखायचं? ते भावजींनी सांगितलं. त्यांनी तीन कसोट्या काढल्या. पहिली, विणणाऱ्याला बरोबर विणता येत असलं पाहिजे. दुसरी, चूक एकदाच झालेली असावी. पुन्हा पुन्हा होते ते अज्ञान. तिसरी, चूक लक्षात आल्यावर तेवढी ओळ उसवायला सवड असूनही ती तशीच ठेवलेली असावी. तिन्ही कसोट्यांना उतरली तरच चूक मुद्दाम. नाहीतर नकळत, म्हणजे, त्यांच्या पुस्तकातले शब्द सांगते, "नुसतं वाया गेलेलं सूत."

पुस्तक चारशे पानांचं झालं. संग्रहालयानं भावजींना बोलावून सगळे गालिचे नव्याने लावून घेतले. मुद्दाम चुका असलेले वरच्या दालनात, उजेडात. नकळत चुका असलेले तळघरात, एकावर एक गुंडाळून. दालनातल्या प्रत्येक गालिच्यावर चुकीकडे दाखवणारा एक लाल बाण. लोक येत, बाण बघत, चूक बघत आणि पुढच्या बाणाकडे जात. अख्खा गालिचा कोणी बघेना. बाहेर पडताना माणसं हळहळत, "इतका पैसा खर्च केला, पण एकही धड आणला नाही!"

आजोबांचा गालिचा दालनाच्या मधोमध टांगला होता. ताई तो बघायला गेली आणि घरी येऊन म्हणाली, "त्याचा निकाल अकरा वर्षांत लागला. माझा कधी लागायचा? मी दालनात की तळघरात, एवढं तरी सांगा."

"पुरावा," भावजी म्हणाले, "अपुरा आहे."

घरात तर या शास्त्रानं उच्छाद मांडला होता. सगळे गालिचे उलटे अंथरलेले. पाहुणे येत, चुकून राहिलं असेल म्हणून बिचारे सुलटे करून ठेवत. भावजी त्यांच्या पायांखालून ओढून पुन्हा उलटे करत. भाजीत मीठ जास्त झालं तर ते रागवत नसत. एक घास घेऊन विचार करत आणि मग म्हणत, "नकळत." ताईला वाटायचं, यापेक्षा ताट भिरकावलं असतं तर बरं. माझी भाची गणितात नापास झाली तेव्हा त्यांनी उत्तरपत्रिकेवरून भिंग फिरवलं. "हातच्याची चूक नऊ ठिकाणी, म्हणजे अज्ञान. पण हा भागाकार बघ! येत असून चुकवलाय. एकदाच. आणि खोडलेला नाही." दुसऱ्या दिवशी ते शाळेत जाऊन त्या भागाकाराचे गुण मागून आले. मिळाले नाहीत. पण बाईंनी भाचीला पहिल्या बाकावरून उठवून शेवटच्या बाकावर बसवलं, आणि बापाशी संबंध येऊ नये म्हणून पुढच्या वर्षी पास करून टाकलं.

आमच्या शेजारचे गृहस्थ वारले तेव्हा भावजी भेटायला गेले. आत शिरताच त्यांची मान खाली गेली, मग गुडघे टेकले गेले, मग कपाळ जमिनीला लागलं. घरची मंडळी हुंदके द्यायला लागली. इतका मनापासून शोक सख्ख्या भावानंही केला नव्हता. भावजी तसेच अर्धा तास राहिले आणि उठताना विधवा बाईंचा हात हातात घेऊन म्हणाले, "फार जुना. फार चांगला. जपायला हवा होता." त्या बाई अजून तो प्रसंग सांगून डोळे पुसतात. मी त्यांना काही सांगितलेलं नाही.

पण खरा गोंधळ पुस्तक गावभर झाल्यावर झाला. मुद्दाम केलेली चूक म्हणजे मोठेपणा, हे लोकांना फारच पटलं. शिंप्यानं माझ्या झग्याची एक बाही आखूड शिवली आणि हात जोडून म्हणाला, "निर्दोष शिवायचा अधिकार आपल्याला नाही, बाई." बसचालक वळण चुकला तरी उतारूंना पुस्तकातला उतारा ऐकवी. शेवटी नदीवरचा नवा पूल पलीकडच्या काठापासून दोन हात अलीकडेच संपला. अभियंत्यानं चौकशीत सांगितलं, "मुद्दाम आहे. मला नम्र राहायचं होतं."

चौकशी समितीनं साहजिकच तज्ज्ञ म्हणून भावजींना बोलावलं. ते पुलाच्या टोकाला गेले, पालथे पडले, भिंग लावून त्यांनी ते दोन हात नीट तपासले. खाली नदी. समितीतले दोघे त्यांचे पाय धरून बसले होते. भावजी उठले आणि म्हणाले, "नकळत." अभियंत्याची नोकरी त्याच दिवशी गेली. त्याला नोकरी गेल्याचं इतकं वाटलं नाही, पण "नकळत" हा शब्द जिव्हारी लागला. तो घरी येऊन भावजींच्या हातापाया पडत होता, "निदान हलगर्जीपणा तरी म्हणा हो!" ताई दाराआडून हे बघत होती. त्या दिवसापासून तिनं वाढदिवसाला प्रश्न विचारणं बंद केलं. मला म्हणाली, "आता उत्तराची भीती वाटते गं."

मला तेव्हा भावजींचा असा राग आला की काय सांगू. जगातल्या यच्चयावत चुकांचा निकाल लावणारा हा माणूस, आणि काखेत कळसा, गावाला वळसा!

पुढे त्यांची सत्तरी आली. संग्रहालयानं मोठा सत्कार ठरवला. दूरदूरचे विद्वान आले. त्यात एक प्राध्यापक होते, भावजींचे कट्टर अनुयायी; प्रत्येक वाक्य "तरीपण"नं सुरू करायचे, म्हणून आम्ही घरात त्यांना तरीपणच म्हणत असू. "मुद्दाम चुकीच्या सिद्धान्ताबद्दल" असं कोरलेलं सुवर्णपदक मखमलीच्या डबीत तयार होतं. भाषणं झाली. सगळ्यांनी आपल्या भाषणात एकेक चूक मुद्दाम केली आणि श्रोत्यांनी ती ओळखून टाळ्या वाजवल्या. मग संचालकबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, "कोणाला काही विचारायचं आहे का?"

माझ्या शेजारची खुर्ची वाजली. ताई उभी राहिली होती.

"मला विचारायचंय," ती म्हणाली. "चाळीस वर्षं झाली. अभ्यास झाला असेल तर सगळ्यांसमोर निकाल सांगा. आपलं लग्न मुद्दाम की नकळत?"

लोकांना वाटलं, कार्यक्रमातला गमतीचा भाग आहे. दोघाचौघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी मात्र ताईचा हात पाहिला. पुढच्या खुर्चीची पाठ तिनं इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. मी मनात म्हटलं, भावजी, जन्मात एकदाच खोटं बोला. "मुद्दाम" म्हणा आणि पदक घेऊन खाली बसा. तुमचं काय जातंय?

 भावजींनी चष्मा काढून पुसला.

"पहिली कसोटी," ते म्हणाले. "करणाऱ्याला बरोबर करता येत होतं का? नव्हतं. मुलगी कशी बघतात हे मला ठाऊकच नव्हतं. दुसरी. चूक एकदाच झाली का? हो. एकदाच." कोणीतरी हसलं. "तिसरी. लक्षात आल्यावर उसवायला सवड होती का?" ते घोटभर पाणी प्यायले. "माझ्या लक्षात आलं तेव्हा पाहुणे जेवून गेले होते."

सगळं सभागृह हसलं. भावजी हसले नाहीत.

"एका कसोटीला उतरून भागत नाही. पहिल्यांदा मला मावशीनं नेलं, पुढच्या तिन्ही वेळा मी गालिच्यासाठी गेलो होतो. आमचं लग्न नकळत झालं. निखालस नकळत. तळघर."

हसू थांबलं. ताई खाली बसली नाही, हलली नाही, नुसती उभी राहिली. मला समोरचा फुलांचा गुच्छ उचलून भावजींच्या तोंडावर मारावासा वाटला, आणि गुच्छापेक्षा फुलदाणी बरी असंही वाटलं.

"आता पुढचं," भावजी म्हणाले. "मी लिहून ठेवलंय की नकळत झालेली चूक म्हणजे वाया गेलेलं सूत. कोणी मला पुरावा मागितला नाही आणि मीही शोधला नाही. पुरावा घरात होता. ही एक नकळत चूक मी चाळीस वर्षं बघतोय. उजव्या बाजूनं बघितली, उलट्या बाजूनं बघितली. भांडणात बघितली, आजारपणात बघितली. मुलीच्या जन्माच्या वेळी बघितली. माझ्या हातून मुद्दाम झालेल्या गोष्टी मी काल रात्री आठवून पाहिल्या. हिच्या जवळपास जाईल असं त्यात काही नाही. हे पुस्तकही नाही. म्हणजे नियम खोटा आहे. मी पुस्तक मागे घेतो. लाल बाण काढून टाका. खालचे गालिचे वर आणा, त्यांची मी माफी मागतो."

संचालकबाईंनी डोक्याला हात लावला. तरीपण ताडकन उठले.

"तरीपण सर, एका नमुन्यावरून सिद्धान्त मोडता येत नाही! तुमच्याकडे नमुना एकच आहे!"

"एकच आहे," भावजी म्हणाले. "दुसरा मिळवायचा माझा विचार नाही."

ताई मटकन खाली बसली आणि रडायला लागली. आणि मी, जिला हा मनुष्य चाळीस वर्षांत एकदाही आवडला नव्हता, मी तिच्यापेक्षा मोठ्यानं रडले.

पदक मिळालं नाही. मजकूर दुरुस्त करून पाठवतो म्हणून ते लोक डबी परत घेऊन गेले, ते गेलेच. संग्रहालयातली भावजींची खोली कपाटं ठेवायला लागते म्हणून काढून घेतली. घरी येताना गाडीत ताई म्हणाली, "चारचौघांत मला चूक म्हणालात."

"नकळत चूक," भावजींनी दुरुस्ती केली. तिनं येताना उचलून आणलेल्या त्याच गुच्छानं त्यांना मारलं, आणि मग दोघं इतकी हसली की चालकानं गाडी बाजूला घेतली.

त्यानंतर तीन वर्षांनी भावजी गेले. एवढं सगळं स्वतःच्या तोंडानं मोडून ठेवल्यावर त्यांचं नाव पुसलं जाईल असं मला वाटलं होतं. कसचं काय! विद्वानांमध्ये आता नवाच वाद पेटलाय. तरीपण आणि त्यांची मंडळी म्हणतात, सरांची कारकीर्द निर्दोष होती, आणि निर्दोष राहायचा अधिकार माणसाला नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून शेवटी त्यांनी स्वतःचा सिद्धान्त मोडण्याची एक चूक मुद्दाम केली. तिन्ही कसोट्यांना ती उतरते. दुसरा पक्ष म्हणतो, नाही, म्हातारपणी बायकोसमोर तोल गेला, नकळत झालं. दोन पुस्तकं निघायची आहेत ती याच्यावरच.

दोन्हीकडचे लोक पुरावे शोधायला ताईकडे येतात. परवा मी गेले तेव्हा दिवाणखान्यात चौघं जण हमरीतुमरीवर आले होते. तरीपणांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तरीपण, बाईंना काय वाटतं? त्यांचं मत निर्णायक ठरेल. सर ते मुद्दाम बोलले की नकळत?"

मी आत जाऊन ताईला निरोप दिला. ती दुपारची आडवी झाली होती.

"ते ठरवू देत त्यांचं त्यांना," ती म्हणाली. "मला कळायचं ते कळलंय. त्यांना चहा दे, आणि जाताना दार ओढून घ्या म्हणावं."

मग ती कुशीवर वळली. मी चहाचं आधण ठेवेपर्यंत ती घोरायलाही लागली होती.